पट्टा परत आला

आमच्या पिढीच्या माणसाला यंत्राचा पट्टा म्हटले की पहिली आठवते ती पिठाची गिरणी. एका बाजूला डिझेल इंजिन, दुसऱ्या बाजूला गिरणीचे दगड आणि मधून फटफट आवाज करत धावणारा रुंद पट्टा. त्याच्या जवळ जायचे नाही, अशी घरून सक्त ताकीद असे. पुढे तो नजरेआड झाला. अलीकडे पुतण्याच्या घरी त्याची पुन्हा गाठ पडली, म्हणून आज थोडा त्याचा इतिहास.

वाफेच्या काळात कारखान्यात एकच मोठे इंजिन असे. त्याच्या जोरावर छताखाली एक लांबच लांब लोखंडी दांडा फिरत राही. त्याला लाइन शाफ्ट म्हणत. दांड्यावर ठिकठिकाणी पुल्या आणि प्रत्येक पुलीवरून खाली एकेका यंत्राकडे उतरणारा चामड्याचा पट्टा. आमच्या जिल्ह्यातली सोलापूरची जुनी गिरणी १८७७ची. त्या काळी कापडगिरण्यांतले माग असेच चालत.

मी भाषेचा मास्तर, पण ऑफ तासाला मुलांना हे सांगायला आवडे. लहान पुलीवरून दुप्पट व्यासाच्या पुलीवर पट्टा टाकला की वेग निम्मा होतो आणि जोर दुप्पट. पट्ट्याला इंग्रजी आठासारखा पीळ दिला की यंत्र उलटे फिरते. सपाट पट्ट्याची पुली मध्यभागी किंचित फुगीर ठेवली की पट्टा आपण होऊन मधोमध राहतो. यंत्र थांबवायचे तर इंजिन बंद करायला नको. शेजारी एक मोकळी फिरणारी पुली असे, तिच्यावर पट्टा सरकवला की झाले.

आता पट्ट्याला सगळेच काही जमत नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केले आणि आमच्या श्रीपूरला साखर कारखाना आला. ऊस पिळणारे रूळ अगदी संथ पण प्रचंड जोराने फिरावे लागतात. तिथे दात्यांची चाके, म्हणजे गिअरच हवेत. याउलट, साखर आणि मळी वेगळी करणारी सेंट्रिफ्युगल यंत्रे जुन्या काळी अनेक ठिकाणी पट्ट्यावर चालत. भरलेली जड टोपली एका झटक्यात वेग घेत नाही. तोवर पट्टा थोडा घसरतो आणि काही मोडू देत नाही. घसरणे हा पट्ट्याचा दोष आणि तोच त्याचा गुण.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत विजेची मोटर स्वस्त झाली. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि छताखालचे पट्टे उतरू लागले. डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ साली रबरी व्ही-बेल्ट आणला. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो, म्हणून आखूड अंतरातही पकड धरतो. आपल्याकडे मात्र सपाट पट्ट्याला खेड्यात आणखी आयुष्य मिळाले. पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली. अशा इंजिनांच्या जोडीने पट्टा गावोगावच्या गिरणीत आणि विहिरीवर फिरत राहिला.

आता पुतण्याकडे येतो. त्याने मागच्या खोलीत टेबलावर मावणारे छोटे मिलिंग मशीन घेतले आहे. लेथमध्ये काम फिरते आणि हत्यार स्थिर असते, इथे कटर फिरतो. मोटरीपासून कटरपर्यंत प्लॅस्टिकचे गिअर होते. एकदा कटर लोखंडात अडकला आणि गिअरचे दातच उडाले. नवा गिअर बसवण्याऐवजी त्याने लेथवर अॅल्युमिनियमच्या दोन पुल्या करून घेतल्या. मोटर नव्या पट्टीवर बसवली. पट्टीला लांबट भोके ठेवली, म्हणजे मोटर मागेपुढे सरकवून ताण जुळवता येतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत, ते पोलादी फूटपट्टी लावून पाहिले. आता कटर अडकला तर पट्टा घसरतो. आवाजही निम्म्याने उतरला. संथ गतीला जोर थोडा कमी पडतो, हे त्यालाही मान्य आहे.

तो म्हणाला, "काका, जुनेच खरे ठरले बघा." मी म्हटले, "जुने पुरते आठव, म्हणजे झाले."

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना उजवा हात कोपरापासून नव्हता. गिरणीचा पट्टा घसरू नये म्हणून तो चालू असतानाच राळ लावायला गेले होते. प्रगतिपुस्तकावर ते डाव्या हाताने सही करत. अक्षर वाकडे येई आणि मुलगा वही पटकन मिटून घेई.

असे हात पुष्कळ गेले, तेव्हा कुठे कायदे झाले. आपल्या १९४८च्या कारखाने अधिनियमात यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कठडा हवा, असे कलम होते. चालत्या पट्ट्याचे काम खास शिकवलेल्या प्रौढ कामगारानेच, तेही अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावे, असे लिहिले होते. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवायची सोय हवी, याचेही कलम होते. त्यातला एकेक शब्द कुणाच्या तरी हाताच्या, पदराच्या किंमतीने आला असणार.

गिअरची पेटी बंद असते, पट्टा उघडा असतो. पट्टा यंत्राला जपतो, माणसाला जपत नाही. कटरच्या पोलादापुढे तो घसरेल, पण करंगळीपुढे किंवा सदऱ्याच्या बाहीपुढे घसरण्याइतका तो दुबळा नाही. आणि घराच्या मागच्या खोलीत तपासणीला कुणी इन्स्पेक्टर येत नाही. तिथे आपणच कायदा.

पुतण्याची मुलगी पाच वर्षांची आहे आणि तिला फिरणारे काहीही आवडते. मी एवढेच सांगितले की पट्ट्यावर पत्र्याचे झाकण बसेपर्यंत त्या खोलीला कुलूप राहील आणि किल्ली माझ्याकडे. तो हसला, पण किल्ली दिली. झाकण रविवारी बसले. चार स्क्रू आहेत, मी मोजले.