चिनी नववर्षाची बालचित्रपुस्तके : लोककथा आणि इतिहास

चिनी नववर्षावरील बालचित्रपुस्तकांत एक कथा वारंवार आढळते. वर्षाच्या शेवटच्या रात्री 'न्यान' नावाचा हिंस्र पशू गावावर चालून येतो आणि लाल रंग, उजेड व फटाक्यांचा आवाज यांना भिऊन पळतो. ही कथा अतिप्राचीन म्हणून सांगितली जाते. जुनी साधने या समजुतीस आधार देत नाहीत. इ. स. 100 च्या सुमारास शू शन याने सिद्ध केलेल्या कोशात 'न्यान' या शब्दाचा अर्थ 'धान्य पिकणे' असा दिला आहे. सहाव्या शतकात त्सुंग लिन याने यांगत्सेच्या मध्य खोऱ्यातील सणांची नोंद केली. नववर्षाच्या पहाटे अंगणात बांबू जाळून फोडण्याची चाल तीत आहे. परंतु ती डोंगरातील पिशाच्चांना पळवून लावण्यासाठी. न्यान पशूचा तेथे मागमूस नाही. विधी जुना, त्याचे कारण सांगणारी कथा मात्र मागाहूनची. लोकसाहित्याच्या अभ्यासकांस हा क्रम अपरिचित नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शांघायमध्ये 'ल्येनह्वानह्वा' या लहान आकाराच्या चित्रकथा-पुस्तिका लोकप्रिय झाल्या. रस्त्यावरील दुकानांतून त्या भाड्याने मिळत. थोर लेखक लू श्युन यांनी 1932 मध्ये या उपेक्षित माध्यमाची बाजू घेतली. 1949 नंतर त्यावर राज्यसंस्थेचे नियंत्रण आले. तरीही 1962 मध्ये चाव हुंगबन आणि छ्येन श्याओदाय या चित्रकारांची, वानरराजाने अस्थिराक्षसीवर मिळविलेल्या विजयाची चित्रकथा प्रसिद्ध झाली. लोककथेला वाव होता. सणाचे तसे नव्हते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, 1967 मध्ये, वसंतोत्सवाची सुटीच रद्द झाली. ती 1980 मध्ये परत मिळाली. छिंगमिंग, ड्रॅगन-नौका आणि मध्य-शरद या सणांना सार्वजनिक सुटी मिळण्यास 2008 साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी यू लीछ्युंग यांचे लेखन आणि चू छंगल्यांग यांची चित्रे असलेले 'थ्वानयुआन' (पुनर्मीलन) हे पुस्तक निघाले. फंग झकाय यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या चिनी बालचित्रपुस्तक पुरस्काराचे पहिले मानकरी तेच ठरले (2009). त्यात पशू नाही, चमत्कार नाही. परगावी बांधकामावर राबणारा बाप वर्षातून एकदा, नववर्षाला घरी येतो. लहानग्या माओमाओला तो प्रथम परकाच वाटतो. सणाच्या वस्तूंची जंत्री देणाऱ्या पुस्तकांपेक्षा इतिहासाचे साधन म्हणून या पुस्तकाचे मोल निःसंशय अधिक आहे. कारण खेड्यांतून आणि लहान गावांतून शहरांकडे गेलेल्या कोट्यवधी श्रमिकांचे कुटुंबजीवन त्यात उतरले आहे. तांदळाच्या पिठाच्या गोळ्यात दडविलेले शुभ नाणे माओमाओला मिळते. बाप पुन्हा निघतो, तेव्हा पुढल्या वर्षीच्या गोळ्यात घालण्यासाठी ती ते त्याच्याच हाती देते.