दीड मिलिलिटरची कुळकथा

काचेच्या कुपीतून सिस्टर दीड मिलिलिटर औषध सिरिंजमध्ये ओढतात आणि आईच्या मांडीत टोचतात. डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड, 6 मिलिग्रॅम. दर बारा तासांनी एक, अशी चार इंजेक्शनं. सुई आईला, औषध मात्र पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांसाठी.

अपुऱ्या दिवसांचं बाळ श्वासासाठी का तडफडतं, हे 1959 साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी उलगडलं. फुप्फुसातल्या वायुकोशांना आतून सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध लेप असतो. तो कमी पडला की ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे वायुकोश प्रत्येक श्वासानंतर मिटून चिकटतात. बाळ कण्हतं, बरगड्या आत ओढल्या जातात.

उपाय हाती लागला तो भलत्याच शोधात. प्रसूतीच्या कळा कशानं सुरू होतात, हे ऑकलंडचे मॉन्ट लिगिन्स मेंढ्यांवर तपासत होते. गर्भातल्या कोकरांना स्टिरॉइड दिलं, तेव्हा ती फार लवकर जन्मली. त्यातलं एक, जगणं शक्य नसतानाही, श्वास घेत राहिलं. त्याच्या फुप्फुसांत हवा शिरली होती. मग बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह लिगिन्स यांनी 282 मातांवर चाचणी घेतली. 1972 साली निष्कर्ष छापून आले: श्वासाचा विकार स्टिरॉइड न मिळालेल्या बाळांत 25.8 टक्के, मिळालेल्यांत 9 टक्के.

तरीही बरेच डॉक्टर दोन दशकं कचरले. पुढे अशा सात चाचण्यांचे आकडे एका आकृतीत एकत्र मांडल्यावर फायदा लख्ख दिसला. तीच आकृती आज वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात आहे.

2014 मध्ये आपल्या सरकारनं, 24 ते 34 आठवड्यांत कळा आल्या तर मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी डेक्सामेथासोनचा पहिला डोस देण्याची मुभा एएनएमताईंना दिली. पण 2015 साली बेळगाव आणि नागपूर भागासह सहा देशांतल्या चाचणीनं धक्का दिला: गावपातळीवर हे औषध पोचवूनही लहानखुऱ्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, एकूण नवजात मृत्यू तर थोडे वाढले. 2020 मध्ये बेळगावही सामील असलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत सोनोग्राफीनं दिवस पक्के केले होते आणि नवजात बाळांची निगा राखणारी रुग्णालयंच निवडली होती. तिथं मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले.

औषध तेच. फरक पडला तो दिवसांच्या हिशोबानं आणि जन्मानंतरच्या निगेनं. म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावरची शेवटच्या पाळीची तारीख नीट भरलेली असायला हवी. या इंजेक्शनची तयारी तिथून सुरू होते.