शवपेटीतील मद्य आणि शेखाडीचा किनारा

१/ पोलीस एका शववाहिकेचा पाठलाग करतात. गोळ्या शवपेटीत घुसतात आणि भोकांतून मद्य गळू लागते. बिली वाइल्डर यांच्या 'सम लाइक इट हॉट' (१९५९) या विनोदी चित्रपटाची ही सुरुवात. टोळीवैरातून घडलेले हत्याकांड पाहणारे दोन वादक स्त्रीवेष घेऊन पळतात. हीच कल्पना हिंदीत 'रफू चक्कर' (१९७५) मध्ये आली.

२/ या हत्याकांडाला आधार खऱ्या घटनेचा. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतील एका गॅरेजमध्ये ७ जणांना भिंतीशी उभे करून मारण्यात आले. संशय अल कपोनवर होता. लक्ष्य होती बग्ज मोरानची टोळी. वैरामागे अमेरिकेतील दारूबंदी (१९२०-३३) होती. दारू बेकायदा ठरली, पण पिणारे राहिलेच.

३/ आपल्याकडे ती जागा सोन्याने घेतली. आयातीवर कडक निर्बंध होतेच. १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला. लग्नाघरची मागणी मात्र तशीच राहिली. दुबईकडून येणाऱ्या चोरट्या मालाला रायगडच्या (१९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा) खाड्या आणि निर्जन पुळणी सोयीच्या होत्या. मुंबईची बाजारपेठही जवळच.

४/ या धंद्याला बोटीइतकीच गरज होती ती डोळेझाकीची. पैसे घ्यायचे आणि पेटीत काय आहे ते विचारायचे नाही.

५/ सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. डोळेझाकीची सवय राहिली. ९ जानेवारी १९९३ रोजी दिघीला शस्त्रास्त्रे उतरली. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी माल अडवला आणि लाच ठरवून सोडून दिला. रक्कम हाती येईपर्यंत तारण म्हणून चांदीच्या लगडी घेतल्या.

६/ फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळच्या शेखाडी येथे शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. पुढे न्यायालयाने काही पोलीस आणि कस्टम कर्मचाऱ्यांनाही दोषी ठरवले.

७/ वाइल्डरच्या शवपेटीत निदान मद्यच होते, म्हणून आपण हसू शकतो. गोंडघरला ज्यांनी लगडी घेतल्या, त्यांच्या लेखी तो नेहमीसारखाच एक सौदा होता. चोरवाट सोन्यासाठी रुळली होती; तिच्यावरून पुढे काय जाईल, हे ठरवणे मात्र लाच घेणाऱ्यांच्या हाती उरले नव्हते.