कातळावरील रेघ आणि प्रकाशाची निवड : रत्नागिरीच्या कातळशिल्पांच्या छायाचित्रणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेल्या कातळशिल्पांकडे अलीकडच्या काळात अभ्यासकांचे लक्ष मोठ्या प्रमाणावर वेधले गेले आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रत्नागिरी व राजापूर परिसरातील सडे पायी धुंडाळून ही शिल्पे उजेडात आणली. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ ठिकाणांचा समावेश झाला. कशेळी, उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे ही त्यांपैकी सात ठिकाणे रत्नागिरी जिल्ह्यातील होत. उरलेली दोन म्हणजे सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील पणसायमळ.

या शिल्पांचा काळ, त्यांचे कर्ते आणि त्यांमागील हेतू यांविषयी विद्वानांत एकमत झालेले नाही. शिल्पे जागेवरून हलविता येत नाहीत आणि प्रत्येक अभ्यासकाला प्रत्येक सड्यावर जाणे शक्य नसते. त्यामुळे बराचसा अभ्यास छायाचित्रांच्या आधारे होतो. छायाचित्राखाली गावाचे नाव व आकृतीचे माप दिलेले असते. परंतु प्रकाश कोणत्या दिशेने, किती उंचीवरून आणि कोणत्या साधनातून पाडला होता, हे क्वचितच नोंदलेले आढळते. छायाचित्रकाराने फ्लॅशपुढे छत्री लावली की नळी, ही बाब वरवर पाहता तांत्रिक व किरकोळ वाटते. प्रत्यक्षात कोणती रेघ पुराव्यात राहणार आणि कोणती नाहीशी होणार, हे त्या निवडीवर अवलंबून असते.

छपराच्या काचेपासून छत्रीपर्यंत

मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार तेथून तयार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे दोघेही या नव्या विद्येत रस घेणारे होते. भाऊ दाजींनी पुढे अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन केले. कॅमेरा आणि कोरीव अक्षर या दोहोंशी एकाच व्यक्तीचा संबंध यावा, हा पश्चिम भारतातील पुराविद्येच्या इतिहासातला एक लक्षणीय योग मानावा लागेल.

त्या काळची कलोडियनची काच मंद होती. प्रकाश भरपूर हवा, पण चेहऱ्यावर उन्हाचे कडक पट्टे नकोत, अशा पेचातून स्टुडिओच्या वास्तूची रचना घडली. छपराला व उत्तरेच्या भिंतीला काच, काचेखाली पांढरे पडदे आणि ते सरकविण्यासाठी दोऱ्या, अशी ती रचना होती. प्रकाश सौम्य करणारे साधन म्हणजे ती संपूर्ण खोलीच होती. व्यक्तिचित्र हेच छायाचित्रकाराच्या चरितार्थाचे साधन असल्यामुळे ‘चांगला प्रकाश म्हणजे मऊ प्रकाश’ हे समीकरण व्यवसायात याच सुमारास रूढ झाले.

जर्मनीत 1887 मध्ये मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची झगमगणारी पूड तयार केली. त्यानंतर 1920 च्या दशकाअखेरीस काचेच्या गोळ्यातील फ्लॅश-बल्ब आला. होमाई व्यारावाला यांच्या पिढीतील वृत्तछायाचित्रकारांनी असे बल्ब वापरले. एका चित्रासाठी एक बल्ब खर्ची पडे. मराठी चित्रपटसृष्टीच्या इतिहासात कृत्रिम प्रकाशाचा प्रारंभ म्हणून बाबूराव पेंटर यांच्या 1923 च्या ‘सिंहगड’चा उल्लेख केला जातो. अमेरिकेत 1930 च्या दशकात हॅरल्ड एजर्टन यांनी विजेच्या ठिणगीवर चालणारा फ्लॅश विकसित केला. तळहातावर मावणारा आजचा फ्लॅश त्याचाच वंशज होय.

साधन लहान झाले तसा त्याचा झोत कडक झाला आणि स्टुडिओच्या छपराने जे काम केले, तेच काम आता हातात नेण्याजोग्या वस्तूंकडे आले. पांढरी छत्री, कापडी सॉफ्टबॉक्स, फ्लॅशच्या डोक्यावर बसणारी दुधी टोपी या साऱ्यांचा हेतू एकच : लहान दिवा मोठा करणे आणि सावलीची कडा विरघळविणे. लग्नसमारंभाचे छायाचित्रण करणाऱ्यांच्या हाती ही साधने सर्रास दिसतात आणि तेथे ती योग्यच आहेत. मात्र चेहऱ्यासाठी घडलेली ही सवय जशीच्या तशी सड्यावर जाते, तेव्हा अडचणीला सुरुवात होते.

अजिंठ्याचा दाखला

कातळकामाच्या संदर्भात प्रकाश वळविण्याची महाराष्ट्रातील एक जुनी रीत लेण्यांमध्ये दिसते. दाराशी आरसा वा पत्रा धरून बाहेरचे ऊन आत घ्यायचे, पांढऱ्या कापडावर पाडायचे आणि त्याच्या परावर्तित उजेडात भिंत दाखवायची, असे वाटाडे करीत आले आहेत. रंगविलेल्या सपाट भिंतीसाठी ही पद्धत उत्तम होय. चित्रातील माहिती रंगात असते, उंचसखलपणात नव्हे. म्हणून सर्वत्र सारखा पसरलेला प्रकाश तेथे उपकारक ठरतो. सध्या अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, हेही येथे नोंदविले पाहिजे.

कातळशिल्पाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. रेघ आणि तिच्या भोवतीचा जांभा यांच्या रंगात पुष्कळदा फारसा फरक नसतो. माहिती असते ती खोलीत. सावली पडली नाही, तर रेघ नाही. पावसाळी ढगाळ आकाश म्हणजे एक प्रचंड सॉफ्टबॉक्सच. अशा दिवशी आकृतीवर उभे राहूनही ती न दिसणे सहज संभवते. भर दुपारी घेतलेल्या ड्रोनच्या चित्राचेही तसेच आहे; आराखडा मिळतो, पण उठाव हरवतो. कॅमेऱ्यावरच बसविलेला फ्लॅश सर्वांत निरुपयोगी ठरतो. त्याचा किरण दृष्टीच्याच रेषेत जात असल्याने पडलेली सावली कॅमेऱ्याला दिसतच नाही. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर नेण्याची गरज येथूनच उद्भवते.

साधनांची निवड

2 सेंटीमीटर खोल रेघ घेतली आणि प्रकाश जमिनीशी 60 अंशांचा कोन करीत असेल, तर सावली जेमतेम 1.2 सेंटीमीटर पडते. 30 अंशांवर ती साडेतीन सेंटीमीटर होते आणि 10 अंशांवर 11 सेंटीमीटरांच्या पुढे जाते. म्हणजे उथळ रेघ वाचायची असेल, तर दिवा जवळजवळ जमिनीलगत आणावा लागतो. आता याच 10 अंशांवर, 2 मीटर अंतरावरून, दोन साधनांची तुलना करावी. उघड्या फ्लॅशची काच सुमारे 4 सेंटीमीटर उंच असते. तिच्या वरच्या व खालच्या कडेतून निघणाऱ्या किरणांच्या सावल्यांत दीड सेंटीमीटरपेक्षा कमी फरक पडतो. सावलीची कडा स्पष्ट राहते. 60 सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स लावला, तर तेच किरण दीड अंशापासून साडेअठरा अंशांपर्यंत पसरतात. सावलीची कडा मग 6 सेंटीमीटरपासून तब्बल 76 सेंटीमीटरपर्यंत विरत जाते. व्यक्तिचित्रात ज्याला कोमलता म्हणतात, तिला येथे पुसट नोंद म्हणावे लागते.

दुधी टोपीचा विचार तर आणखी वेगळा आहे. ती टोपी खोलीत उपयोगी पडते, कारण सर्व दिशांना फेकलेला प्रकाश भिंती व छत यांवरून परत येतो. सड्यावर भिंतही नाही आणि छतही नाही. वर गेलेला उजेड आकाशात जातो. उरतो तो क्षीण झालेला, पण तितकाच लहान दिवा. छत्रीबाबत कोकणच्या वाऱ्याने निर्णय आधीच दिलेला आहे : समुद्राकडून येणारा वारा तिला स्टँडसकट उलथवितो.

याउलट प्रकाश आवळणारी साधने सड्यावर उपयुक्त ठरतात. अरुंद नळीसारखा स्नूट, मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेला ग्रिड, बाजूला लावायच्या काळ्या झडपा यांपैकी एकही साधन प्रकाश मऊ करीत नाही. ती फक्त त्याची वाट अरुंद करतात. किरण कॅमेऱ्याच्या भिंगात शिरत नाही, वाऱ्यावर हलणाऱ्या गवतावर पडत नाही आणि नेमका त्या रेघेवरून जातो. काळ्या पुठ्ठ्याची घरी गुंडाळलेली नळीही हे काम करते, त्यामुळे किमतीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

प्रकाशाच्या बळाची मर्यादा मात्र लक्षात घ्यावी लागते. गाइड नंबर 40 असलेला फ्लॅश आयएसओ 100 वर एफ 16 छिद्रासाठी अडीच मीटरपर्यंतच पुरतो. म्हणजे भर उन्हाशी त्याची बरोबरी तेवढ्याच अंतरात. शिवाय 10 अंशांनी घासत जाणारा प्रकाश जमिनीवर सुमारे एकषष्ठांश तीव्रतेने पडतो. म्हणून फ्लॅशने करावयाचे काम सूर्यास्तानंतरचे. सूर्य हा मूळचाच दूरचा दिवा आहे. त्याचे बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाइतकी रेखीव सावली कोणताही फ्लॅश सहजासहजी देऊ शकत नाही. तथापि सूर्याची दिशा छायाचित्रकाराच्या हाती नसते, फ्लॅशची असते.

एका बाजूच्या प्रकाशाची साक्ष

तिरपा प्रकाश सत्य दाखवितो, असे मात्र सरसकट म्हणता येणार नाही. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली पाडत नाही. पूर्वेकडून प्रकाश टाकला, तर उत्तर-दक्षिण रेघा उठून दिसतात आणि पूर्व-पश्चिम रेघा मावळतात. जांभा हा मुळातच सच्छिद्र, खडबडीत दगड. कमी कोनावर त्याचा प्रत्येक खळगा आणि प्रत्येक भेग सावली पाडू लागते. माणसाने कोरलेली रेघ आणि निसर्गाने पाडलेली भेग चित्रात मग एकाच जातीच्या दिसतात.

हा केवळ तात्त्विक आक्षेप नव्हे. कोकणातील कातळशिल्पांत गेंडा, पाणघोडा यांसारखे आज या भूभागात न आढळणारे प्राणी ओळखता येतात, असे काही अभ्यासकांनी म्हटले आहे. हे मत ग्राह्य ठरले, तर शिल्पांचा काळ आणि तत्कालीन पर्यावरण या दोहोंविषयीच्या कल्पनांना नवी दिशा मिळते. आणि गेंड्याची ओळख अखेर नाकावरच्या एका शिंगावर, म्हणजे एका रेघेवर, ठरते. ती रेघ एका दिशेच्या प्रकाशात शिंग दिसली आणि दुसऱ्या दिशेच्या प्रकाशात भेग, तर वाचकाने कोणते चित्र प्रमाण मानावे? केवळ एकच चित्र प्रसिद्ध झाले असेल, तर हा प्रश्न विचारण्याची सोयही राहत नाही.

रेघ ठळक करण्यासाठी तिच्यात खडू वा चुना भरण्याची प्रथा जगभरच्या शैलकलेच्या अभ्यासात दीर्घकाळ होती. आज ती त्याज्य मानतात. दगडाला इजा होते हे एक कारण. दुसरे, अधिक गंभीर कारण असे की खडू भरणाऱ्याला जे दिसले तेवढेच पुढच्यांना दिसते. प्रकाशसाधनाची मुकाट्याने केलेली निवड हा खडूचाच एक सौम्य प्रकार होय. फरक इतकाच, की खडू चित्रात दिसतो आणि स्नूट दिसत नाही.

या अडचणीवर एक तोडगा 2001 मध्ये पुढे आला. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर व सहकाऱ्यांनी अशी पद्धत मांडली की कॅमेरा स्थिर ठेवून दिव्याची जागा बदलीत अनेक चित्रे घ्यावीत आणि संगणकाच्या साह्याने ती एकत्र करावीत. पडद्यावर पाहणाऱ्याला मग प्रकाश हव्या त्या दिशेने फिरविता येतो. प्राचीन नाणी, मृत्तिकालेख व शिलाचित्रे यांच्या अभ्यासात ही पद्धत रुळली आहे. तिला लागतो तो एक साधा सुटा फ्लॅश, अंतर सारखे राखण्यासाठी दोरी आणि प्रकाशाची दिशा टिपण्यासाठी चकचकीत काळे गोळे. रत्नागिरीतील एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास वा भूगोल विभागाच्या आवाक्याबाहेरचे यात काही नाही.

बारसूचा संदर्भ येथे अप्रस्तुत नाही. 2023 मध्ये तेथे प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणाला स्थानिकांनी विरोध केला, तेव्हा परिसरातील कातळशिल्पांच्या जतनाचा प्रश्नही सार्वजनिक चर्चेत आला. अशा प्रसंगी छायाचित्र हे कागदपत्र बनते. आकृतीची हद्द कोठे संपते, शेजारच्या रेघा तिच्याच आहेत की नाहीत, अशा प्रश्नांना उत्तर देणाऱ्या चित्राखाली दिव्याची दिशा, कोन, अंतर व साधन लिहिलेले नसेल, तर प्रतिपक्षाने त्यावर शंका घेणे स्वाभाविक आहे.

मोठ्या आकृतींचा पेच अजून शिल्लक राहतो. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. जवळच्या कडेपासून 2 मीटरवर ठेवलेला फ्लॅश दूरच्या कडेपर्यंत 20 मीटर जातो. अंतर दहापट, म्हणून प्रकाश शंभरपट कमी. कोनही तितकाच उतरतो. कोणतेही साधन लावून हा फरक भरून निघत नाही. अशा आकृतीचे 2-2 मीटरचे चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनावर दिव्याचे अंतर, कोन व दिशा तीच राखून स्वतंत्र चित्रे घ्यावी लागतात. दिशा मध्येच बदलली, तर जोडलेल्या चित्रात हत्तीच्या एका पायाची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे पडते. कोरलेला भाग एका चौकोनात खोल आणि शेजारच्या चौकोनात उंचावलेला भासतो. हे काम एका रात्रीत उरकणारे नाही. पावसानंतर सड्यावरचे गवत वाळेपर्यंत ते सुरू करता येत नाही आणि जूनच्या पहिल्या सरींच्या आत ते संपवावे लागते.