फळ्यावरचं १८७० साल

नववीत इतिहासाचे सर इटलीचं एकीकरण शिकवत होते. मॅझिनी, गॅरिबाल्डी, काव्हूर झाले आणि फळ्यावर आलं १८७०, रोम जिंकलं ते साल. मी मागच्या बाकावरून विचारलं, "सर, त्या साली कोल्हापुरात काय चाललं होतं?" वर्ग खो खो हसला. "परीक्षेला नाही ते," म्हणून सर पुढे गेले.

उत्तर फार वर्षांनी सापडलं. त्या साली आपले छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावर होते. वय अवघं वीस. इंग्लंड पाहून परतताना ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. रोम पडून जेमतेम दोन महिने झाले होते. इटलीची राजधानी अजून फ्लॉरेन्सच होती. तिथं दहनाची रीत नव्हती. खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर महाराजांना अग्नी दिला गेला. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली, खाली त्यांचा अर्धपुतळा. जवळ १९७८ साली झालेल्या पुलाचं नावही या 'भारतीया'वरूनच पडलं.

म्हणजे माझा प्रश्न धड्याबाहेरचा नव्हताच. पंचगंगेच्या घाटावर आपल्या राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत. हे एकटे आर्नोकाठी राहिले.

मित्रांनो, आपल्यातले किती तरी जण आज शिक्षक आहेत. मागच्या बाकावरून असा वेडा प्रश्न आला, तर वर्गाला हसू देऊ नका. एवढंच मागणं.