चिंबोरीच्या पिल्लांचा पहिला घास



खाजणात चिंबोरी (कोणी कुर्ली म्हणतात) पाळायची म्हटली की पहिला सवाल बियाण्याचा. खाडीतली पिल्ले धरून आणणे हा जुना मार्ग. पण दरवर्षी ती अशीच उपसली तर खाडीत उरणार काय? मग हॅचरीत का काढत नाहीत, असे तुम्ही विचाराल. मादी एका खेपेला लाखो अंडी देते. अडचण अंड्यांची नव्हती, घासाची होती.

अंड्यातून निघालेले पिल्लू खेकड्यासारखे दिसतच नाही. पाण्यात तरंगणारा, डोक्यावर काटा असलेला तो एक बारीकसा जीव. त्याला झोइया म्हणतात. झोइयाच्या पाच अवस्था, मग मेगालोपा, आणि सुमारे महिन्याने चिमुकला खेकडा. तोवर त्याला खाणे हवे ते जिवंत, आणि तोंडाला झेपेल एवढेच.

मिठागराच्या पाण्यात वाढणारा आर्टेमिया माशांच्या पिल्लांना चालतो, हे १९३० नंतरच्या दशकात कळले होते. त्याची सुकी अंडी खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसभरात पिल्ले फुटतात. मलेशियात के. एस. ओंग यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या चिंबोरीच्या पिल्लांचे वर्णन १९६४ साली प्रसिद्ध केले. पण पहिल्या झोइयाला आर्टेमिया जरा मोठाच पडतो.

याहून बारीक खाद्य जपानात सापडले, तेही शत्रूच्या रूपात! तिथे वाम माशांच्या तळ्यांत रोटिफर नावाचा सूक्ष्म जीव माजला की पाण्यातले हिरवे शेवाळ फस्त होई, पाणी बिघडे. १९६० साली ताकाशी इतो यांनी हाच जीव मत्स्यपिल्लांना खाऊ घातला. खेकड्यांच्या हॅचरीतही पुढे तोच पहिला घास ठरला.

तरी मेगालोपा होताना पिल्ले कात टाकता टाकता मरत. जशी वैरण तसे दूध, हे तुम्हाला सांगायला नको. रोटिफर उपाशी असेल तर त्याला खाणाऱ्याला काय मिळणार? म्हणून आधी त्यालाच सकस शेवाळ चारतात.

आपल्या देशात तामिळनाडूत तोडुवाई येथे राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राची हॅचरी २०१३ साली उभी राहिली. एवढे करूनही शंभरातली थोडीच पिल्ले जगतात, तेव्हा भाव ऐकून दचकू नका. मागणी आधी नोंदवा, तळे तयार ठेवा, आणि पिल्ले आकाराप्रमाणे निवडून सोडा. लहानमोठी एकत्र पडली तर मोठी लहानांना खातात.