इंदूर पद्धती : कापसाच्या उपकरावर उभे राहिलेले कचरा-संशोधन

उकिरड्यात कुजलेल्या केरकचऱ्याचे खत होते, हे ज्ञान हिंदुस्थानातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. परंतु त्या कुजण्याचे मोजमाप करून, त्याची रीत कोणालाही वापरता येईल अशा बेताने छापून देण्याचे काम होळकरांच्या इंदुरात 1924 ते 1931 या काळात झाले आणि म्हणूनच कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धती’ हे नाव पुढे केनियातील कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोहोचले. या पद्धतीचे शास्त्र अनेकांनी सांगितले आहे. तिच्यामागचा पैसा कोणाचा होता आणि त्या पैशाने तिच्या प्रसाराला कसे वळण दिले, हा भाग मात्र सहसा तळटिपेत उरतो.

हा पैसा कचऱ्यासाठी मंजूर झालेलाच नव्हता. 1923 च्या कायद्याने कापसाच्या प्रत्येक गासडीवर उपकर, म्हणजे ठरावीक कामासाठीच खर्च करण्याच्या अटीवर घेतलेला जादा कर, बसवण्यात आला आणि त्याचे उत्पन्न मुंबईत कचेरी असलेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीकडे सोपवले गेले. माटुंग्याची कापूस-तंत्र प्रयोगशाळा याच उत्पन्नातून उभी राहिली. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीलाही मुख्य आधार याच निधीचा होता. तिला होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली आणि मध्य हिंदुस्थानातील इतर संस्थानांनी वर्गणीची भर घातली. संस्थेचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड बिहारमधील पुसा येथे सुमारे दोन दशके सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते, आणि तेथे पीक एका खात्याकडे, माती दुसऱ्याकडे, रोग तिसऱ्याकडे अशी जी वाटणी होती तिला कंटाळूनच त्यांनी स्वतःची जमीन, स्वतःचे बैल आणि स्वतःचा हिशेब असलेली संस्था मागितली होती. कापसाचा पैसा खतावर का खर्चावा, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे होते की, शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते आणि माळव्याच्या काळ्या जमिनीला कुजलेले सेंद्रिय द्रव्य, म्हणजे ह्यूमस, मिळत नाही. अशा जमिनीत सुधारलेले बियाणेही आपला गुण दाखवू शकत नाही. अटींनी बांधलेल्या निधीचा असा सैल अर्थ लावण्याची मुभा मिळाली, हे या संशोधनाचे मोठेच भाग्य म्हटले पाहिजे.

प्रत्यक्ष रीत साधी होती, पण ढिसाळ नव्हती. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि जेमतेम दोन फूट खोल अशा खड्ड्यांत पालापाचोळा, तण, गोठ्यातील शेणाने माखलेला अंथरुणाचा काडीकचरा, गोमूत्र मुरलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन पाणी शिंपडले जाई. कापसाच्या पऱ्हाट्या सहजी कुजत नसल्याने त्या आधी शेतातील रस्त्यावर पसरून ठेवत आणि जाता-येता गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होऊ देत. ढीग आतून तापे, तीन वेळा वरखाली केला जाई आणि तीन महिन्यांत खत तयार होई. रसायनाची बाजू हॉवर्ड यांचे सहकारी यशवंत वाड यांनी सांभाळली. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब, म्हणजे कार्बन, आणि नत्र यांचे जे प्रमाण लागते, ते आरंभी सुमारे 33 ला 1 असे असून खत पिकेपर्यंत 10 ला 1 च्या जवळ येते, हे सूत्र त्या खड्ड्यांमधूनच हाती आले. हॉवर्ड आणि वाड यांचे संयुक्त पुस्तक 1931 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर वाड यांचे नाव बरोबरीने असूनही पुढच्या काळातील गौरव जवळजवळ एकट्या हॉवर्ड यांच्या वाट्याला गेला.

याच्या काही वर्षे आधी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी शेणाशिवाय गव्हाच्या काडाचे खत करण्याची कृती 1921 मध्ये मांडली होती. पण तिचा विकास लॉर्ड एल्व्हडन यांच्या खासगी पैशातून झाला, तिचे एकस्व घेण्यात आले आणि ‘अ‍ॅडको’ नावाची भुकटी विकत घेतल्यावाचून ती कृती पुरी होईना. इंदूरला विकण्यासारखे काही नव्हतेच. ज्यांच्या गासड्यांवरून पैसा गोळा झाला त्यांच्यापासून निष्कर्ष राखून ठेवता येत नव्हते, आणि एकदा ते उघडे केल्यावर चहा-कॉफीच्या मळेवाल्यांनाही ते फुकटच मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये हॉवर्ड यांनी दिलेल्या व्याख्यानांनी प्रसाराचे उरलेले काम केले.

शहरांच्या कचऱ्याकडे ही पद्धती वळली ती हॉवर्ड इंदूर सोडून गेल्यानंतर. 1934 मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतील केरकचरा आणि मैला एकत्र कुजवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. मैला मिसळलेला ढीग वरखाली करणारे हात कोणाचे होते, याबद्दल त्या काळचे शास्त्रीय वाङ्मय फारसे बोलत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी 1939 च्या सुमारास सिद्ध केलेल्या पद्धतीत ही उलथापालथ टळली. कचरा आणि मैला यांचे थर खंदकात भरून ते मातीने लिंपून टाकायचे आणि काही महिन्यांनी उघडायचे, अशी ती रीत होती आणि नगरपालिकांना ती साहजिकच सोयीची वाटली.

स्वातंत्र्यानंतर हे काम नागपूरकडे आले. 1958 मध्ये स्थापन झालेल्या आणि 1974 पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय संस्थेने शहरोशहरीच्या कचऱ्याचे नमुने तपासले. त्यात माती, राख आणि ओलावा भरपूर, तर कागद-चिंध्या कचरावेचकांनी आधीच उचललेल्या, त्यामुळे जळण म्हणून त्याचे मूल्य अगदी कमी, असे आढळले. अ. द. भिडे आणि बी. बी. सुंदरेशन यांनी हा अनुभव ज्या पुस्तकात मांडला, ते 1983 मध्ये दिल्लीच्या ‘इन्सडॉक’ने, म्हणजे शास्त्रीय माहिती सर्वांपर्यंत पोहोचवण्यासाठीच काढलेल्या सरकारी केंद्राने, प्रसिद्ध केले. त्याच दिल्लीत तिमारपूर येथे 1987 मध्ये डॅनिश तंत्राने रोज 300 टन कचरा जाळणारी भट्टी उभारली गेली आणि तिला लागेल इतका जळाऊ कचरा शहरात नसल्याने थोड्याच दिवसांत ती बंद करावी लागली.